दुरुस्तीनंतर पुन्हा तापणारं इंजिन

मे महिन्याच्या दुपारी कसारा घाट चढताना एका छोट्या पेट्रोल गाडीचा रेडिएटरखालचा होज पाइप फुटतो. पाणी रस्त्यावर सांडतं, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. बाजूला घ्यायला जागा नाही म्हणून चालक गाडी आणखी दोन-तीन किलोमीटर तशीच रेटतो आणि मग इंजिन बंद पडतं. गाडी टो करून गॅरेजला आणतात. मिस्त्री हेड उतरवतो, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट जळलेलं दिसतं. हेडचं फेसिंग होतं, नवं गॅस्केट बसतं, नवा होज लागतो, नवं कूलंट भरलं जातं. बिल चुकतं होतं. आठवडाभर शहरात गाडी नीट चालते आणि पुढच्या खेपेला महामार्गावर काटा पुन्हा चढू लागतो.

हे नमुन्यादाखल घेतलेलं प्रकरण आहे, पण गॅरेजमध्ये दोन महिने काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचं वाटेल. इथून पुढे सहसा एक महागडा क्रम सुरू होतो. आधी थर्मोस्टॅट बदलतात, मग रेडिएटरचं झाकण, मग वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), मग रेडिएटर, आणि शेवटी हेड पुन्हा उतरतं. यातला एखादा भाग बदलल्यावर गाडी थंड राहिलीच, तरी नेमकं काय बिघडलं होतं हे कोणालाच कळलेलं नसतं. भाग बदलणं म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी इंजिनातली उष्णता कुठून येते, कुठल्या वाटेने जाते आणि ती वाट कुठे अडली आहे, हे क्रमाने तपासावं लागतं. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की धरावी लागते: जळलेलं गॅस्केट हा बहुतेक वेळा तापण्याचा परिणाम असतो. फक्त परिणाम दुरुस्त केला, तर कारण गाडीतच राहतं.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल जळताना सिलिंडरमधला वायू क्षणभर 2,000 अंश सेल्सिअसच्या वर जातो. हेड ज्या धातूचं असतं ते अल्युमिनियम 660 अंशांच्या आसपासच वितळतं. तरीही हेड शाबूत राहतं, कारण त्याच्या पोटातून पाणी सतत फिरत असतं. इंधनातल्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा गाडी ओढण्याच्या कामी येतो, दुसरा सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातो आणि तिसरा कूलंटमार्फत रेडिएटरकडे येतो. घाटात इंजिन 30 किलोवॉट ताकद देत असेल, तर जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरला हवेत सोडावी लागते. म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे पंधरा गीझर एकाच वेळी चालू असावेत, इतकी.

पाण्याचं हे फिरणं थांबलं तर काय होईल? छोटं इंजिन आणि त्यातलं पाणी मिळून एक अंशाने तापायला साधारण 80 किलोज्यूल लागतात असं धरू. दर सेकंदाला 30 किलोज्यूल येत असताना तापमान 90 वरून 130 अंशांवर जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आपल्या नमुन्यातल्या चालकाने पाणी सांडल्यावर दोन-तीन किलोमीटर गाडी रेटली, तेव्हा गॅस्केटचं भवितव्य पहिल्या किलोमीटरलाच ठरून गेलं होतं.

इतक्या उष्णतेत गॅस्केटच का जातं, याचं उत्तर दोन धातूंच्या प्रसरणात आहे. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अल्युमिनियमचं असतं. 450 मिलिमीटर लांबीचं अल्युमिनियमचं हेड तापमान 100 अंशांनी वाढल्यावर सुमारे एक मिलिमीटर लांब होतं. तितक्याच लांबीचा बिडाचा ब्लॉक साधारण अर्धा मिलिमीटर. नेहमीच्या तापमानात हा फरक गॅस्केट सांभाळून घेतं. मर्यादा ओलांडली की बोल्टांनी जखडलेलं हेड मोकळेपणी पसरू शकत नाही, ते वाकतं, आणि थंड झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही.

उष्णता बाहेर टाकण्याची ही यंत्रणा मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जात असे. 1888 मध्ये बेर्टा बेंझ मानहाइमहून फोर्ट्सहाइमला तशीच तीनचाकी घेऊन गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत पुन्हापुन्हा पाणी भरावं लागलं. 1900-01 मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज 35 पीएस या गाडीसाठी आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला आणि कमी पाण्यात जास्त ताकदीचं इंजिन थंड ठेवता येऊ लागलं. आजच्या रेडिएटरमागेही तेच तत्त्व आहे: नळ्या जितक्या बारीक आणि जितक्या जास्त, तितकी उष्णता चांगली सुटते. पण बारीक नळ्या लवकर तुंबतात, आणि आपल्या प्रकरणात हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

कारणांच्या तीन जागा

दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा तापत असेल तर कारण तीनपैकी एका जागी असतं. पहिली जागा: ज्यामुळे गाडी मुळात तापली ते कारण अजून तसंच आहे. दुसरी: पहिल्यांदा तापली तेव्हा झालेली एखादी इजा नजरेतून सुटली आहे, हेडला बारीक तडा, वाकलेला पृष्ठभाग, वितळून बिघडलेला सेन्सर. तिसरी: दुरुस्ती करतानाच एखादी चूक आत शिरली आहे.

तपासताना हा क्रम उलटा लावावा. आधी दुरुस्तीत शिरलेल्या चुका पाहाव्यात, कारण त्या वरच्यावर असतात, तपासायला स्वस्त असतात आणि कोणकोणते भाग उघडले होते ते माहीत असतं. मग गॅस्केट आणि हेडची परीक्षा करावी. शेवटी मूळ कारणाचा शोध घ्यावा, आणि तो आधीच्या तपासणीत काही सापडलं तरीही घ्यावा.

कधी तापते, हे आधी विचारा

जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारतो: "दादा, ट्रॅफिकमध्ये तापते की हायवेला? चालू केल्या केल्या की अर्ध्या तासाने? एसी लावल्यावर की नेहमीच?" या प्रश्नांची उत्तरं अर्धं निदान करून देतात.

उभ्या गाडीत किंवा सिग्नलवर काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, असं असेल तर पाणी फिरतंय, पण रेडिएटरमधून हवा पुरेशी जात नाही. दोष पंख्यात, त्याच्या रिलेत, फ्यूजमध्ये किंवा पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणात असतो.

याउलट शहरात ठीक आणि महामार्गावर सलग वेगात तापत असेल, तर हवा भरपूर मिळते आहे. कमी पडतं आहे ते पाण्याचं वाहणं किंवा रेडिएटरची क्षमता. तुंबलेला रेडिएटर, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेल्या पात्यांची वॉटर बॉडी किंवा पंपाच्या ओढीने आत चिमटणारा खालचा होज, यांच्याकडे पाहावं.

थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज कडक होत असेल तर तो पाण्याच्या उष्णतेचा दाब असूच शकत नाही, कारण पाणी अजून तापलेलंच नाही. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. इथे संशय थेट गॅस्केट किंवा तड्यावर जातो.

आणि काटा वर असताना हीटर लावल्यावर थंड हवा येत असेल, तर हीटरच्या नळ्यांपर्यंत गरम पाणी पोहोचतच नाही. पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे.

काट्याबद्दलही एक सावधगिरी हवी. अनेक आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम संथ केलेला असतो. पाणी 80 अंशांवर असो की 100 वर, तो मधोमधच राहतो आणि मर्यादा ओलांडल्यावर एकदम उसळतो. शिवाय पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येऊ शकतो. गाडी थंड झाली असं समजून चालक पुढे जातो आणि इंजिन संपवतो. म्हणून तपासणीच्या वेळी आकडा ओबीडी पोर्टला स्कॅनर लावून वाचावा आणि तोच आकडा इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराजवळ पडताळावा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासावी. कदाचित गाडी तापतच नसेल.

दुरुस्तीत शिरलेल्या चुका

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे अडकलेली हवा. कूलंट पूर्ण उतरवून पुन्हा भरलं की हेडच्या वरच्या भागात आणि हीटरच्या नळ्यांत हवेचे फुगे राहतात. पंप पाणी ढकलतो, हवा ढकलू शकत नाही. थर्मोस्टॅटच्या आतल्या मेणाला गरम पाण्याचा स्पर्श झाला नाही तर तो उघडतही नाही. यावर उपाय साधा आहे: गाडीचं तोंड चढावर उभं करायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, ब्लीडिंग स्क्रू असेल तर तो सैल करायचा, हळूहळू पाणी भरायचं आणि पंखा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. घाईच्या दिवशी ही शेवटची अर्ध्या तासाची पायरी गाळली जाते आणि ग्राहक दुसऱ्या दिवशी परत येतो.

दुसरा संशय थर्मोस्टॅटवर. त्याची मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला हवी. उलट बसवला तर तो उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही. छोटं हवेचं छिद्र किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यावी लागते. तपासायला भांडंभर पाणी, थर्मामीटर आणि गॅस पुरेसा आहे. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकवावा आणि त्यावर कोरलेल्या अंकाजवळ, म्हणजे बहुधा 82 किंवा 88 अंशांना, तो उघडू लागतो का ते पाहावं. आपल्याकडे अनेक गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने इंजिन थंडीत आणि महामार्गावर योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती बायपासची वाट बंद करते, तिथे तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि गाडी उलट जास्त तापते.

तिसरी चूक विजेची. पंख्याची जोडणी करताना दोन वायरी अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते. पंखा फिरताना दिसतो, आवाज येतो, पण हवा चुकीच्या दिशेला जाते आणि गाडीच्या वेगाने येणाऱ्या हवेशी भिडते. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा आत ओढतो, म्हणून जाळीसमोर धरलेला कागद जाळीला चिकटायला हवा. तो उडून दूर जात असेल तर जोडणी उलटी आहे.

याशिवाय: पंप फिरवणाऱ्या पट्ट्याची वाट चुकली तर काही इंजिनांत पंप उलटा फिरतो. टायमिंग बेल्टचा एक दात चुकला तर वाल्व चुकीच्या क्षणी उघडतात, ताकद घटते आणि तेवढ्याच कामासाठी जास्त इंधन जाळावं लागतं. सिलिकॉन पेस्ट सढळ हाताने लावली तर आतल्या बाजूला निघालेले तिचे तुकडे सुटून थर्मोस्टॅटमध्ये किंवा रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. पंख्याचं आवरण परत बसवलं नाही तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची हवा घुसळत राहतो.

झाकणाकडेही पाहायला हवं. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 बार असा अंक असतो. 0.9 बारच्या दाबाखाली साधं पाणी सुमारे 118 अंशांना उकळतं. झाकणाची रबरी सील गेली की हा दाब टिकत नाही आणि पाणी हवेच्या साध्या दाबाला उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तो उत्कलनबिंदू 95 अंशांच्या आसपास येतो, तर बऱ्याच गाड्यांचा पंखा 95 ते 100 अंशांदरम्यान सुरू होतो. म्हणजे झाकण खराब असेल आणि आत साधं पाणी भरलेलं असेल, तर घाटमाथ्यावर पंखा लागण्याआधीच पाणी उकळून उडू शकतं. हा भाग इंजिनाच्या मानाने अगदी स्वस्त आहे; प्रेशर टेस्टरवर त्याची परीक्षा काही मिनिटांत होते.

गॅस्केट खरोखर बसलं आहे का

हेड पुन्हा उतरवण्याआधी चार परीक्षा होतात, आणि चारही हेड न उतरवता होतात. रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना आतून दाब सुटला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात साठतो आहे. इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे न थांबता येत राहिले, तर तोच अर्थ. अडकलेल्या हवेचे बुडबुडे थोड्या वेळाने थांबतात. तिसरी परीक्षा रसायनाची: निळ्या रंगाचं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर लावून तिथली हवा त्यातून ओढतात. पेट्रोल इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळं पडतं. चौथी: थंड इंजिनावर कूलिंग सिस्टिमला पंपाने दाब देऊन काटा टिकतो का पाहणं. दाब उतरतो पण बाहेर थेंबही दिसत नाही, तर पाणी आत जातं आहे.

डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला, सायलेन्सरमधून सतत पांढरा गोडसर वासाचा धूर आला, तर ही लक्षणं पुरावा पक्का करतात. मात्र थंड सकाळी थोडा पांढरा धूर आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली किंचित दुधीपणा निरोगी इंजिनातही दिसतो, म्हणून फक्त यांच्यावरून हेड उतरवू नये.

परीक्षेत गॅस्केट खरंच दोषी ठरलं, तर नवं बसवण्याआधी का गेलं ते मोजावं लागतं. सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन हेडचा पृष्ठभाग लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासतात. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये 0.05 ते 0.1 मिलिमीटरपर्यंतचाच वाकडेपणा चालतो. फेसिंगनंतर हेडची उंची किमान मर्यादेच्या खाली जात नाही ना, हेही पाहायचं असतं. अनेकदा हेड मोजतात आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कोणी मोजत नाही. तोही तितकाच सपाट हवा. हेडची दाबाची परीक्षा घ्यायला हवी, कारण वाल्वच्या बैठकींमधले बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. फार तापलेल्या अल्युमिनियमचा कडकपणाही उतरतो. असं हेड फेस करून सपाट केलं तरी बोल्टांचा ताण धरून ठेवत नाही.

बसवतानाची शिस्तही गॅस्केटचं आयुष्य ठरवते. गॅस्केटची पाण्याची छिद्रं सर्वत्र सारखी नसतात. पंपापासून दूरच्या सिलिंडरकडे पाणी ओढलं जावं म्हणून ती मोजून लहान-मोठी ठेवलेली असतात. गॅस्केट उलटं बसलं तर काही वाटा बंद होतात. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे असतात. अनेक आधुनिक इंजिनांत शेवटचा टप्पा अंशांत मोजतात. असे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात आणि ते पुन्हा वापरायचे नसतात. आणि स्टीलच्या अनेक थरांच्या गॅस्केटला जुन्या प्रकारच्या गॅस्केटपेक्षा खूपच गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. खरखरीत फेसिंगवर ते पहिल्या दिवसापासून गळू शकतं.

मूळ कारणाकडे

आता आपल्या नमुन्याकडे परत येऊ. गाडी शहरात ठीक आहे, महामार्गावर अर्ध्या तासाने तापते. सकाळी झाकण उघडलं, दाब नाही. रसायन निळंच राहिलं. गॅस्केट निर्दोष. पंखा बरोबर दिशेने फिरतो, थर्मोस्टॅट 82 अंशांना उघडतो, हवा निघून गेली आहे. संशय पाण्याच्या वाहण्यावर येतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवला जातो. निरोगी रेडिएटरमध्ये पाण्याच्या वाटेने तापमान हळूहळू उतरत जातं. इथे मध्येच थंड पट्टे लागतात: काही नळ्यांमधून पाणी जातच नाही. रेडिएटर उतरवून पाहिल्यावर आत तपकिरी चिखल आणि पांढरा क्षार निघतो. मालकाला विचारल्यावर कळतं, गाडीत वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलं जात होतं आणि एकदा बारीक गळती थांबवायला त्यात पावडरही टाकली होती.

साखळी इथे उलगडते. बोअरवेलच्या कठीण पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर बसत गेले. क्षाराचा थर अल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहतो, म्हणून तो उष्णतेची वाट अडवतो, आणि सुटलेला गाळ बारीक नळ्या भरतो. रेडिएटरची ताकद हळूहळू घटली. मालकाला आठवतं की गेल्या वर्षभर घाटात एसी लावला की काटा थोडा वर जायचा. त्या उन्हाळ्यात घाट चढताना पाणी उकळीला आलं, जुनाट होज सगळ्यांत कमजोर होता, तो फुटला, पाणी गेलं, हेड वाकलं, गॅस्केट जळलं. गॅरेजने साखळीतली शेवटची टोकं दुरुस्त केली. पहिलं टोक रेडिएटरमध्येच राहिलं.

इतर गाड्यांत पहिलं टोक दुसरं असेल: गंजून पातळ झालेली पंपाची पाती, आस झिजल्यामुळे थेंबथेंब गळणारी वॉटर बॉडी, कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये चिखल व कीटकांचा साचलेला थर, चाकाला घासत राहणारा ब्रेक. शोधण्याची रीत मात्र तीच. पहिल्यांदा गाडी का तापली, याचं उत्तर मिळेपर्यंत थांबायचं नाही.

महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती जवळपास नसल्यामुळे कूलंटची गरज नाही, असा समज रूढ आहे. कूलंटचं मोठं काम इथे वेगळं आहे: त्यातली रसायनं गंज आणि क्षार रोखतात आणि ग्लायकोलमुळे उत्कलनबिंदू वाढतो. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी मिश्रणापेक्षा सरस असतं, म्हणून कूलंट गरजेपेक्षा दाट भरणंही चुकीचं. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळावं. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. आणि उतरवलेलं कूलंट उघड्यावर सोडू नये: इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि जनावरांना प्राणघातक आहे.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा चढताना दिसला की एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. पाणी गेलेलं असेल तर इंजिन लगेच बंद करा, एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. झाकण गरम असताना उघडू नका; दाब सुटताच आतलं पाणी एकदम उकळून अंगावर येतं आणि हात, चेहरा गंभीर भाजतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. निदान अर्धा तास थांबा, झाकणाला हात सहज लागतो आहे याची खात्री करा आणि मगच पाणी भरा.

गाडी ताब्यात घेताना

दुरुस्ती नीट झाली की नाही, हे गॅरेजच्या दारात पाच मिनिटं इंजिन चालवून कळत नाही. पंखा निदान दोनदा आपोआप लागून बंद झाला पाहिजे. मग एसी लावून उभ्या गाडीत, मग महामार्गावर सलग वेगात, आणि शेवटी रात्रभर थंड झाल्यावर पाण्याची पातळी, अशी तपासणी पूर्ण व्हावी. हवामानाचाही विचार हवा. रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 95 अंशांवर असेल तर 20 अंशांच्या हवेत हा फरक 75 असतो, चंद्रपूरच्या 45 अंशांच्या दुपारी तो 50 वर येतो; रेडिएटरची ताकद एक तृतीयांशाने घटते. म्हणून पावसाळ्यात दुरुस्त झालेल्या गाडीची खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होते, आणि तोवर दर पंधरवड्याला थंड इंजिनावर पाण्याची पातळी पाहणं हे मालकाचं काम आहे.

गॅरेजकडून बिलासोबत काही गोष्टी लिहून मागाव्यात: हेड किती वाकलं होतं, फेसिंगनंतर किती उरलं, ब्लॉक मोजला का, बोल्ट नवे की जुने, थर्मोस्टॅट किती अंशांचा, कूलंट कोणतं आणि किती प्रमाणात, आणि पहिल्यांदा गाडी का तापली. चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात, कारण त्याने ही मापं घेतलेलीच असतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोरं असेल तर काम अजून संपलेलं नाही. उत्तरं लिहिलेली असतील, तर तो कागद गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. काटा पुन्हा कधी चढलाच, तर पुढच्या मिस्त्रीला त्या मापांवरून शोध सुरू करता येईल आणि चांगले भाग बदलण्यात तुमचे पैसे जाणार नाहीत.